नॉर्वेच्या बोटीवरून नॉर्दर्न लाइट्स: दिसतील का, आणि फोटो येतील का

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत म्हणून नॉर्वेच्या किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणारी १२ दिवसांची बोट बघताय, बर्गन ते किर्केनेस आणि परत, एजंट म्हणतोय डिसेंबरचं घ्या, नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या कणांमुळे उत्तरेकडच्या रात्रीच्या आकाशात उमटणारा रंगीत प्रकाश, शंभर टक्के दिसणार, बाबांकडे क्रॉप सेन्सरचा (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) डीएसएलआर कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली किट लेन्स आहे, आईकडे फोन, आणि ट्रायपॉड न्यायचा का नाही ते कळत नाहीये. मी हिवाळ्यात तिकडे ग्रुप घेऊन जातो आणि फोटोही काढतो, त्यामुळे सविस्तरच लिहितो. दिसणं आणि फोटो येणं ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. बोटीवरून दिसण्याची शक्यता चांगली आहे. फोटो मात्र जमिनीवरून काढण्यापेक्षा बराच अवघड आहे, आणि यूट्यूबवरून लोक ज्या सेटिंग्ज पाठ करून जातात त्या चालत्या बोटीवर कामाच्या नाहीत.

आणि शंभर टक्के कोणी म्हणालं तर त्याला एवढंच विचारा, ढगांचं काय करणार?

आधी दिसण्याचं बघू. ब्रोशरवर किती दिवसांची ट्रिप लिहिलंय ते सोडा, आर्क्टिक सर्कलच्या (उत्तरेचं साडेसहासष्ट अंशांचं अक्षवृत्त) वर अंधारातल्या रात्री किती मिळतात ते मोजा. हा प्रकाश चुंबकीय ध्रुवाभोवती एका कड्यात असतो, आणि नॉर्वेचा उत्तर किनारा, म्हणजे साधारण बूडो पासून किर्केनेसपर्यंतचा पट्टा, बरोब्बर त्या कड्याखाली येतो. बर्गन आहे ६० अंशावर, ते कड्याच्या बरंच खाली. म्हणून पहिल्या ३ रात्री मी धरतच नाही, सूर्यानं फारच मनावर घेतलं तर गोष्ट वेगळी. चौथ्या दिवशी सकाळी बोट आर्क्टिक सर्कल ओलांडते, त्या संध्याकाळी बूडो मागं टाकून लोफोटेनकडे निघते, पाचव्या दिवशी दुपारी ट्रोम्सो, सहाव्याला होनिंग्सवोग, सातव्याला किर्केनेस आणि तिथून उलटी फिरते, आठव्या दिवशी मध्यरात्रीच्या सुमाराला परत ट्रोम्सो, नवव्याला परत लोफोटेन, आणि दहाव्या दिवशी सकाळी सर्कलच्या खाली. म्हणजे कामाच्या रात्री झाल्या ६. १२ दिवसांत ६. हे वाचून वाईट वाटून घेऊ नका, चांगला आकडा आहे हा. इंग्लंडहून, साउदम्प्टनवरून निघणाऱ्या ज्या मोठ्या क्रूझ असतात त्या दिसायला दोन आठवड्यांच्या, पण जाता-येता नॉर्थ सी कापण्यात दिवस जातात आणि वरती हातात ४-५ रात्रीच राहतात. आणि काही पॅकेजवर नॉर्दर्न लाइट्सचा फोटो छापलेला असतो आणि बोट जाते ट्रोंडहाइमपर्यंतच, ती तर बघूच नका.

आता एक अंदाजाचं गणित करू. धरून चाला की एखाद्या रात्री आकाश पुरेसं मोकळं मिळण्याची शक्यता तीनातली एक आहे (हा माझा मुद्दाम कंजूष आकडा आहे, वेधशाळेचा नाही). मग एकाच रात्रीसाठी गेलात तर ३३ टक्के, ३ रात्रींत कधीतरी एकदा दिसण्याची शक्यता ७० टक्के, आणि ६ रात्रींत ९१ टक्के. खरं हवामान इतकं फाशासारखं सुटं सुटं पडत नाही, अटलांटिकवरनं एखादं लो प्रेशर आलं की तीन-चार दिवस मुक्काम ठोकतं, त्यामुळे ९१ मधले थोडे कमी करा. पण बोट रोज पुढं सरकत असते, एका फ्योर्डमध्ये (डोंगरांत शिरलेल्या खाडीत) गच्च ढग आणि दोन तासांनी पुढच्या बेटामागं चांदण्या, असं सर्रास होतं, श्रावणातल्या ऊन-पावसासारखं. म्हणून संध्याकाळी सहाला ढग दिसले आणि माणसं नाराज होऊन झोपायला गेली की मला त्यांना हलवून उठवावंसं वाटतं.

केपीचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात किती खळबळ आहे ते सांगणाऱ्या आकड्याचं, खूळ डोक्यातून काढून टाका. सगळे ॲप उघडून बसतात, केपी २ च आहे, आज काही नाही. तो आकडा ० ते ९ असतो आणि जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये बसलेल्या माणसाला त्याचा उपयोग आहे, कडं खाली सरकून त्याच्यापर्यंत येणार का ते त्याला कळतं. तुम्ही कड्याच्या खालीच उभे आहात, तुम्हाला १ किंवा २ सुद्धा पुरतो. बघायचंच असेल तर सौर वाऱ्याचा (सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोताचा) बीझेड, म्हणजे त्याच्यातल्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण आकडा, बघा, तो उणे झाला आणि तासभर उणे राहिला की जॅकेट घालायला घ्या. हे मोजणारे उपग्रह पृथ्वीपासून साधारण १५ लाख किलोमीटरवर सूर्याच्या दिशेला आहेत, तिथून वारा इथं पोचायला वेगाप्रमाणे अर्धा ते एक तास लागतो, तेवढीच काय ती खरी आगाऊ सूचना, बाकी १० दिवसांचे अंदाज म्हणजे करमणूक. त्यापेक्षा नॉर्वेच्या हवामान खात्याचं यर नावाचं ॲप घ्या आणि ढगांचा नकाशा बघा. निम्म्याहून जास्त काम तिथंच होतं.

अजून एक शंका हल्ली सगळे विचारतात, सोलर मॅक्सिमम (सूर्याच्या साधारण ११ वर्षांच्या चक्रातला जोराचा काळ) होऊन गेलं ना, आता काय उपयोग? मे २०२४ मध्ये मोठं वादळ आलं होतं, २००३ नंतरचं पहिलं एवढं मोठं, तेव्हा आपल्या लडाखमधल्या हानलेहून सुद्धा आकाशात लाल झाक टिपली गेली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या नासा आणि नोआ या संस्थांनी मॅक्सिममचा काळ आल्याचं जाहीर केलं. पण मॅक्सिममनंतर उतरणीच्या वर्षांत सूर्यावरच्या कोरोनल होलमधून (त्याच्या बाहेरच्या थरातल्या विरळ जागेतून) वेगवान वारा येत राहतो, सूर्य २७ दिवसांत फिरून तेच भोक परत आपल्यासमोर आणतो, आणि उत्तर नॉर्वेसाठी हे फार छान असतं. हानलेहून दिसण्यासाठी सूर्याला वेड लागावं लागतं, ट्रोम्सोला रोजचाच वारा पुरतो.

महिना कुठला. डिसेंबरबद्दल एजंट अगदीच चूक बोलत नाहीये, ट्रोम्सोत साधारण २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी सूर्य उगवतच नाही, म्हणजे अंधार भरपूर. पण लाइट्सचा मुख्य वेळ संध्याकाळी ६ ते रात्री १-२ हाच असतो आणि तेवढा अंधार मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातही जवळपास सगळा मिळतो (महिनाअखेरीला मात्र अंधार पडायला आठ वाजून जातात), मग दुपारीपण अंधार असून करायचं काय? आई-बाबा १२ दिवस बोटीवर आहेत, दिवसा डोंगर, बर्फ, बंदरं बघायला नकोत का. माझं मत सरळ फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य. बर्फ पूर्ण असतं, दिवस मोठा होत आलेला असतो, पाऊसवाऱ्याचा जोर शरद ऋतूपेक्षा कमी असतो, आणि विषुवदिनाच्या आसपास पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सौर वाऱ्याशी अशा कोनात येतं की तेवढाच वारा असून जास्त हालचाल होते, १९७३ मध्ये रसेल आणि मॅकफेरॉन या दोघांनी याचं कारण मांडलंय. सप्टेंबर-ऑक्टोबरलाही हाच फायदा आहे पण ऑक्टोबर ट्रोम्सोचा सगळ्यात ओला महिना. तरी कुणाला दिवाळीच्या सुट्टीतच जमणार असेल तर एक गोष्ट आयती मिळते, दिवाळी अमावस्येला, त्यामुळे त्या आठवड्यात चंद्र नाही. पण चंद्राला एवढं घाबरायचं कारण नाही, अर्धा चंद्र असला तर बर्फाचे डोंगर उजळतात आणि फोटोत खाली नुसता काळा पट्टा येत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मात्र काहीही दिसणार नाही, तुमच्या शेजाऱ्यांना मे अखेरीला नॉर्वेत लाइट्स दिसले नाहीत असं लिहिलंय तुम्ही, दिसतील कसे, तिकडे तेव्हा मध्यरात्री सूर्य असतो.

आता प्रत्यक्ष डेकवर. पहिल्यांदा दिसतं ते बहुतेक वेळा हिरवं नसतंच, उत्तरेला एक फिकट राखाडी कमान, ढग वाटतो. अंधुक उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाही, कॅमेऱ्याला कळतो. ओळखायची युक्ती म्हणजे फोननं एक फोटो काढा, हिरवा आला तर तेच, आणि त्याच्यातून चांदण्या दिसत असतील तर तो ढग नाही. जोर धरला की मग डोळ्यालाही हिरवा दिसतो, खालच्या कडेला गुलाबी जांभळी किनार येते, पडदे हलायला लागतात. हिरवा रंग ऑक्सिजनचा, १०० ते १५० किलोमीटर उंचीवरचा, लाल त्याच्याही वरचा, गुलाबी कड नायट्रोजनची. असा जोराचा भर कधी १०-२० मिनिटांत संपतो, मग परत नुसती कमान, आणि दोन-तीन तासांनी पुन्हा. म्हणून एकदा बघितलं, झालं, असं करू नका.

बोटीवर स्पीकरवरून घोषणा होते, केबिनमधला स्पीकर चालू आहे ना ते पहिल्याच दिवशी रिसेप्शनवर विचारून घ्या. आणि थर्मल घालूनच झोपायचं, घोषणा झाल्यावर मोज्यांपासून सुरुवात करणाऱ्यांना वर पोचेपर्यंत राखाडी कमानच उरते. थंडीचं म्हणाल तर किनाऱ्यावर समुद्रामुळे हवा फार उतरत नाही, ट्रोम्सोत उणे ५ च्या आसपास, पण बोट १५ नॉटनं जाते म्हणजे ताशी २८ किलोमीटर, समोरून तेवढाच वारा असेल तर अंगावर दुप्पट. सगळे पुढच्या डेकवर धावतात. तिथं अंधार चांगला असतो, कारण ब्रिजवरच्या (जिथून बोट चालवतात त्या खोलीतल्या) लोकांना समोर बघायचं असतं, (म्हणून तिथं टॉर्च आणि फ्लॅश अजिबात नको, विनंती नव्हे, ओरडतात) पण वाराही सगळा तिथंच. वरच्या डेकवर धुराड्याच्या किंवा केबिनच्या भिंतीच्या आडोशाला, वाऱ्याच्या उलट बाजूला उभं राहायचं. वर जाताना बोटीचं तोंड साधारण ईशान्येला असतं म्हणून उत्तर येते पुढं डावीकडे, परत येताना मागं उजवीकडे. डेकवर बर्फ गोठलेला असतो, बाबांसाठी बुटाला लावायचे काटे घ्या, ट्रोम्सोत कुठल्याही दुकानात मिळतात, कॅमेऱ्याच्या आधी ते घ्या खरं तर.

फोटोचं आता. जमिनीवर आपण काय करतो, ट्रायपॉड, एफ २.८ (हा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडी), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० किंवा ३२००, शटर ५ ते १० सेकंद. बोटीवर ट्रायपॉड उभा आहे बोटीवर आणि बोट हेलकावे खातेय, म्हणजे ट्रायपॉड फक्त बोटीच्या तुलनेत स्थिर, आकाशाच्या तुलनेत नाही. शिवाय इंजिनाची थरथर पायातून वर चढते ती वेगळीच. हिशोब करून सांगतो म्हणजे पटेल. २४ मेगापिक्सेलचा क्रॉप कॅमेरा, १८ एमएमला आडवी साधारण ६६ अंशांची चौकट, ६००० पिक्सेल रुंद, म्हणजे एका अंशाला ९० पिक्सेल. बोट सेकंदाला १ अंश कलली, आणि हे काही फार नाही, तर एका सेकंदात प्रत्येक चांदणी ९० पिक्सेलची रेघ होते. तीच ५० एमएम लेन्स लावली तर रेघ सव्वादोनशेच्या आसपास. म्हणून शक्य तितकी वाइड लेन्स आणि शटर १ सेकंद, फार तर २, जोराचा भर असेल तर अर्धा. तेवढ्या कमी वेळात उजेड कुठून आणायचा, तर आयएसओ ३२०० वरून ६४०० करायचा, नॉइज (फोटोतले दाणे) आला तर येऊ दे, नॉइज नंतर कमी करता येतो, हललेलं सरळ करता येत नाही. बाबांच्या किट लेन्सला १८ वर एफ ३.५ मिळेल, चालेल, पण मुंबई-पुण्यात ११-१६ एफ २.८ सारखी लेन्स भाड्यानं मिळते, ट्रिपच्या खर्चापुढे ते काहीच नाही, ती घ्या.

हेलकाव्याचा एक फायदा उठवता येतो. बोट एका बाजूला पूर्ण कलली की परत फिरायच्या आधी क्षणभर थांबते, तेव्हा शटर दाबायचं. दहा-बारा हेलकाव्यात लय हाताला कळते. नाहीतर कंटिन्युअसवर टाकून सलग काढत राहायचं आणि नंतर त्यातले बरे निवडायचे, तेही वाईट नाही. कॅमेरा हातात धरून पाठ भिंतीला टेकवून, कोपर पोटाशी घट्ट धरून १ सेकंदाचे फोटो ट्रायपॉडपेक्षा चांगले येतात असा माझा अनुभव आहे, कारण शरीर थरथर खाऊन टाकतं आणि हेलकावाही थोडा सावरतं. लेन्समधलं किंवा बॉडीतलं स्टॅबिलायझेशन हातात असताना चालू, ट्रायपॉडवर बंद. आणि एक समाधान असं की लाइट्स मुळातच मऊ, पसरट असतात, त्या थोड्या हलल्या तरी कळत नाही, रेघा होतात त्या चांदण्यांच्या आणि किनाऱ्यावरच्या दिव्यांच्या. फ्रेममध्ये बोटीचा कठडा किंवा धुराडं घेतलं तर तो भाग शार्प दिसतो आणि फोटो बोटीवरचा आहे हे पण कळतं, नुसतं हिरवं आकाश कुठलंही असू शकतं.

फोकस हा सगळ्यात जास्त फोटो खराब करणारा प्रकार. ऑटोफोकस अंधारात शोधत बसतो, मॅन्युअलला टाका, लाइव्ह व्ह्यूमध्ये एखादी ठळक चांदणी किंवा लांबचा दिवा मोठा करून तो बारीक टिंब होईपर्यंत रिंग फिरवा, मग रिंगला चिकटपट्टी. लेन्सवर अनंताची खूण असली तरी तिच्यावर विश्वास नको. किट लेन्सवर झूम हलला की फोकस परत बघायचा. यूव्ही फिल्टर काढून ठेवा, हे कुणी सांगत नाही, हिरवा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असल्यानं सपाट काचेत त्याची वर्तुळं वर्तुळं उमटतात आणि ती नंतर जात नाहीत. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा ठरवणारी सेटिंग) ३५०० ते ४००० केल्विनच्या मध्ये कुठंतरी कायम ठेवा. दर १५ मिनिटांनी लेन्स पुसा, समुद्राचे तुषार वाळून मिठाची साय धरते आणि प्रत्येक दिव्याभोवती खळं दिसतं. बॅटरी थंडीत पटकन बसते, जास्तीची आतल्या खिशात. आत येताना कॅमेरा डेकवरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं आणि केबिनमध्ये तासभर उघडायचं नाही, नाहीतर आतून बाहेरून पाणी धरतं.

फोटोसाठी जागा पण निवडायच्या. बूडोहून लोफोटेनला जाताना वेस्टफ्योर्ड लागतो, उघडं पाणी, बोट चांगली डुलते, तिथं डोळ्यांनीच बघा. होनिंग्सवोग ते किर्केनेस बारेंट्स समुद्र, तीच गत. परतीला लोफोटेनच्या आधीची राफ्टसुंद, ट्रोम्सोच्या आजूबाजूच्या सामुद्रधुन्या, दोन्हीकडे बेटं, पाणी शांत, तिथं २-३ सेकंद पण निघून जातात. बंदरात बोट थांबते पण लहान बंदरात अर्धा तास पण नसते आणि दिवे भगभगीत, ट्रायपॉड घेऊन उतरलात आणि बोट निघाली असं नको, ती थांबत नाही कुणासाठी, १८९३ मध्ये टपाल आणि माल न्यायला सुरू झालेली वेळापत्रकाची बोट आहे ती.

आईच्या फोनला कमी लेखू नका. नाइट मोडमध्ये १ ते ३ सेकंद ठेवायचं, फोन आपोआप १० किंवा ३० करायला बघतो, ते बोटीवर नको. कठड्यावर टेकवू नका, कठडा थरथरतो, दोन्ही हातांनी छातीशी धरा. जोराच्या भरात हल्लीचे चांगले फोन व्हिडिओ पण बऱ्यापैकी काढतात.

तर ट्रायपॉड न्यायचा का, न्या, पण बोटीसाठी नाही. माझा सल्ला असा की ट्रिपला ट्रोम्सोत २-३ रात्री जोडा. तिथून छोट्या बस संध्याकाळी निघतात आणि गाइड ढगांचा नकाशा बघत शीबोतनकडे किंवा पार फिनलंडच्या हद्दीपर्यंत नेतो, डोंगरापलीकडे हवा कोरडी असते. बोट ढगांपासून पळू शकत नाही, तिला वेळापत्रक आहे, बस पळू शकते. खरे स्वच्छ, चांदण्या टिंबासारख्या असलेले फोटो तिथं मिळतील. पैसे वाढतात म्हणाल तर बाल्कनीची केबिन सोडा, बाल्कनीतून आकाशाची एकच बाजू दिसते आणि डोक्यावर छत, लाइट्स बहुतेकदा दुसऱ्याच बाजूला. साधी आतली केबिन घ्या आणि वाचलेल्यातून ट्रोम्सो करा.

या मार्गावर हुर्टिगरुटन आणि हाविला अशा दोन कंपन्या आहेत, सीझनमधल्या पूर्ण फेरीत लाइट्स आलेच नाहीत तर पुढच्या वेळी एका बाजूची सफर फुकट असं दोघीही देतात. चांगली गोष्ट आहे, पण अटी नीट वाचा, विमानाचं तिकीट आणि व्हिसा तुमचाच, आणि लाइट्स आल्या का नाही हे बोटीवरचे लोक ठरवतात, तुम्ही झोपला होतात हे कारण होत नाही.

जायच्या आधी बाबांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रोनं संध्याकाळच्या फेरीला एकदा घेऊन जा, अंधार पडल्यावर मुंबईचे दिवे १८ एमएमला अर्धा, १, २, ४ सेकंद असे काढायला सांगा, हातात धरून आणि ट्रायपॉडवर, दोन्ही. हातमोजे घालून बटणं सापडतात का तेही बघायचं. घरी येऊन लॅपटॉपवर मोठं करून दिव्यांची टिंबं कुठल्या शटरपर्यंत टिंबं राहतायत ते बघा आणि तो आकडा मला कळवा, मग लेन्स कुठली घ्यायची ते नक्की सांगतो.